न वाजणारा डबा

मळा, ता. रावेर
२० सप्टेंबर

प्रिय झुंबर फुई,

पोचल्याचं पत्र लगेच टाकते म्हणाले होते आणि चार महिने लावले, तेव्हा पहिल्या चार ओळी तू रागातच वाचणार हे मी धरून चालते. तुला ऐकू येत नाही म्हणून तुला फोन नाही, आणि मला हल्ली फोनच नाही म्हणून मलाही नाही. इथे टॉवर धरत नाही. त्यामुळे माझा फोन सासूबाईंनी कपाटात नीट ठेवून दिला आहे.

मी मजेत आहे. घर गावात नाही, मळ्यात आहे. आपल्या साक्रीकडे ओट्यावर बसलं की चार डोंगर दिसतात. इथे अंगणात उभं राहिलं की केळीची पानं दिसतात, आणि त्यांच्या मागे आणखी पानं. दुपारी चारलाच संध्याकाळ होते. गाव दोन किलोमीटरवर आहे म्हणतात, मी अजून पाहिलेलं नाही. जितेंद्र म्हणतात, नव्या सुनेने वर्षभर मळ्याचा बांध ओलांडू नये अशी घरची रीत आहे. जिथे जाशील तिथली रीत पाळ, असं तूच मला सांगितलं होतंस.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई सुगंधाबाई, हे आणि मी. मोठे दीर नीलेशभाऊ चार वर्षांपूर्वी बागेत साप चावून गेले. त्यांच्या पत्नी, माझ्या मोठ्या जाऊबाई दिपमाला, तेव्हापासून माहेरी पाचोऱ्याला असतात.

एक गंमत सांगते. रोज दिवेलागणीला बागेतून कोणीतरी गुलाबाईची गाणी म्हणतं. एकटीच बाई, हळू आवाजात, मध्येच ओळ विसरून पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई म्हणतात ती बागेतली हडळ आहे, तिला ओ दिली की ती माणूस घेऊन जाते. बागेच्या मधोमध एक जुनी खोली आहे, पूर्वी धुरी देऊन केळी पिकवायचे तेव्हाची. तिकडे जायचं नाही. मला आधी हसू आलं, पण काल मी कान झाकून घेतले.

पाकीट सासूबाईंनीच आणून दिलं. चिकटवूनही त्याच देणार आहेत.

तुझी नूतन

---

साक्री
२७ सप्टेंबर

चि. नूतन,

आत्याचे आशीर्वाद आहेतच, पण आधी कान पकड. चार महिन्यांनी पत्र, आणि त्यात 'मी मजेत आहे'. मजेत असलेलं माणूस काय खाल्लं, कोणाशी भांडलं ते लिहितं. तू पानं लिहिलीस.

तुझं पत्र लोटनभाऊंना वाचायला दिलं. म्हणाले, "आक्का, पोर सुखमा शे, तू कशाले जीव जाळस?" शेजारी चांगले आहेत, पण त्यांनी कधी अंगणवाडी सांभाळलेली नाही. मी अठ्ठावीस वर्षं सांभाळली. पोर काय सांगत नाही ते आधी बघायचं असतं.

आता तुझ्या हडळीचं. गुलाबाई भादव्याच्या पुनवेला बसते, तिथून कोजागिरीपर्यंत पोरी तिची गाणी म्हणतात. पुनव परवा आहे. तुझं पत्र वीस तारखेचं आणि त्यात 'रोज' गाते म्हणतेस. म्हणजे गुलाबाई बसायच्या कितीतरी आधीपासून ही बाई गाते आहे. अगं, तिथी कोण चुकतं? ज्याच्या भिंतीवर कॅलेंडर नाही आणि ज्याला चंद्र दिसत नाही, ते. भुतांना तर पुनव-अवस आपल्यापेक्षा बरी कळते. ती जिवंत बाई आहे, आणि कुठेतरी कोंडलेली आहे.

तिला हाक मारू नकोस. डबा घेऊन जा. लहानपणी गाणी संपली की मी झाकलेला डबा हलवायचे आणि तुम्ही पोरी आवाजावरून आतला खाऊ ओळखायच्या. पुढे माझे कान गेले, तेव्हा तू डबा माझ्या छातीला लावून हलवायचीस, म्हणजे मलाही खेळता यावं. गुलाबाई गाणारी बाई डबा वाजल्यावर गप्प बसायची नाही, हे माझ्याकडून लिहून घे.

काय कळतं ते कळव.

तुझी फुई

---

४ ऑक्टोबर

फुई,

हे पत्र रुपली पेटीत टाकेल. केळीच्या कापणीला सातपुड्याच्या पायथ्याकडून मजूर येतात, त्यांच्यातली ती. तिच्याशिवाय इथे माझं कोणी नाही. गेल्या वेळी खोटं लिहिलं, कारण सासूबाई समोर बसून वाचत होत्या.

तुझं पत्रही माझ्या हाती आलं तेव्हा फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. खळ ओली होती. वाचलंच नाही असं दाखवत सासूबाईंनी ते मला दिलं. फक्त त्या दिवसापासून मागच्या दाराला कुलूप आहे.

तू ओळखलंस ते खरं आहे. मजुरांना चहा द्यायचं निमित्त करून मी त्या खोलीपाशी गेले. दाराला बाहेरून कडी आणि कुलूप. खिडकी विटांनी बुजवलेली, वर हाताएवढा झरोका. आतून गाणं चालू होतं. मी डबा हलवला. गाणं थांबलं. मी परत फिरणार तेवढ्यात आतून आवाज आला, "फुटाणे." आणि थोड्या वेळाने, "गूळ बी हाय त्यात."

फुई, दोन्ही बरोबर होतं.

त्या दिपमालाताई आहेत. पाचोऱ्याला कधी गेल्याच नाहीत. नीलेशभाऊंच्या माघारी अर्धी बाग त्यांच्या नावावर आली. ती जितेंद्रच्या नावे करून द्या असं घरचे म्हणाले, त्या नाही म्हणाल्या. तेव्हापासून त्या आत आहेत, चार वर्षं. घरातलं सगळं धान्य आतच निवडायला देतात. पाचोऱ्याच्या भावाला सांगितलंय की बहिणीचं डोकं फिरलं आहे, माहेरचं माणूस दिसलं की ती अंगावर धावते.

त्यांनी मला पहिला प्रश्न वार विचारला. मी बुधवार म्हणाले, आणि गुलाबाई गेल्या शुक्रवारी बसली हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग मी लवकरच बसवली."

तू लगेच धावत येऊ नकोस. गाडी बांधावर दिसली तरी हे त्यांना दुसरीकडे हलवतील. शनिवारी बाजाराला मजुरांचा टेम्पो जातो, त्यात लपून मी निघते आणि तुझ्याकडे येते. मग दोघी मिळून ठाण्यात जाऊ. तोवर काही लिहिलंस तर त्यांनी वाचलं तरी चालेल असंच लिही. मला फार भीती वाटते आहे.

नूतन

---

साक्री
९ ऑक्टोबर

चि. सौ. नूतन हिस आशीर्वाद.

आमच्याकडे सर्व ठीक. पाऊस बरा झाला, भुईमूग काढायला आला आहे. तुझी लग्नानंतरची पहिली गुलाबाई, म्हणून आपला नेहमीचा पितळी डबा खाऊ भरून पार्सलने पाठवते आहे. आपला खेळ तुला माहीत आहे. आधी डबा हलवून खाऊ ओळखायचा, मला कळवायचं आणि मगच झाकण काढायचं. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांनाही खाऊ दे.

तुझी फुई

---

मळा, ता. रावेर
१४ ऑक्टोबर

ती. फुईंना नूतनचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

माझा उजवा हात कढईच्या तेलाने भाजल्यामुळे हे पत्र मी जितेंद्र यांच्याकडून लिहवून घेत आहे. काळजीचे कारण नाही. आपण पाठविलेला डबा सुस्थितीत मिळाला. हलवून पाहताच मी लगेच ओळखले की आत शेंगदाण्याचे लाडू आहेत. लाडू फारच चविष्ट होते, घरी सर्वांना आवडले.

मी सासरी अत्यंत सुखात आहे. मागे मजूर बायकांच्या ऐकीव गोष्टींवरून मी आपणास काही वेडेवाकडे लिहिले असल्यास ते मनावर घेऊ नये. यापुढे घरकामामुळे पत्र लिहिणे जमेलच असे नाही. आपणही वयोमानाने प्रवासाची दगदग करू नये.

आपली आज्ञाधारक,
सौ. नूतन

---

साक्री
१७ ऑक्टोबर

विहीणबाई सुगंधाबाई यांना झुंबरबाईचा नमस्कार.

नूतनचं पत्र पोचलं. हात भाजला वाचून वाईट वाटलं, पण तुमच्यासारखी सासू जवळ आहे म्हणून निर्धास्त आहे. लाडू तिने बरोबर ओळखले, लहानपणापासून हुशारच आहे.

एक अडचण आहे. तो पितळी डबा माझ्या आईचा. कोजागिरीला गुलाबाई बुडवताना गल्लीतल्या पोरींना त्यातूनच खाऊ वाटते, दुसऱ्या डब्याला त्या हात लावत नाहीत. तेवढा तो पार्सलने परत पाठवाल का? आमच्याकडे आलेलं भांडं कोणी रिकामं परत करत नाही, पण गावोगावच्या रीती वेगळ्या असतात. तुमच्याकडे तशी रीत नसेल तर रिकामा आला तरी मी वाईट वाटून घेणार नाही. कोणाला सांगणारही नाही.

झुंबरबाई

---

मळा, ता. रावेर
२२ ऑक्टोबर

झुंबरबाई यांस,

डबा पाठवत आहे. आमच्या घरातून कुणाचं भांडं आजवर रिकामं गेलेलं नाही, साक्रीकडे काय चालतं ते आम्हाला माहीत नाही. आत मळ्यातली निवडलेली ज्वारी आहे, शोधून एक खडा सापडला तर कळवा. भाकरी करून खा.

सुगंधाबाई

---

[डब्याच्या तळाशी, कापसात गुंडाळलेला, खताच्या गोणीचा कागद. पेन्सिलीने लिहिलेला.]

फुई, डबा आत आला तेव्हाच मला कळलं की तुला कळलं आहे. सासूबाई म्हणाल्या, लाज जाईल असं भरू नका. पण निवडायचं काम चार वर्षं ताईंचं, त्यामुळे भरायला आमच्याकडेच दिला.

मी आता ताईंच्या खोलीत आहे. शनिवारी टेम्पोत चढले होते, यांनी मनगटाला धरून खाली ओढलं. हात भाजलेला नाही, मनगट सुजलं आहे. रुपलीला त्याच दिवशी कामावरून काढलं. दोन्ही हात लांब केले की दोन्ही भिंतींना लागतात, एवढीच खोली आहे. भिंती धुरीने काळ्या झालेल्या आहेत. झरोक्यातून एकच पान दिसतं. ताई त्याला बाग म्हणतात.

तू आलीस तर मला नवी साडी नेसवून ओट्यावर बसवतील. मी हसेन. मी काही बोलले तर ताईंना कायमचं गाडून टाकू असं सांगून ठेवलं आहे, आणि ते खरं करतील. या दारासमोर खताच्या गोण्या रचतात, मग इथे दार आहे हेच दिसत नाही. मला एकटीला घेऊन जाऊ नकोस. मी बांधाबाहेर गेले की इथे कोणी नव्हतंच असं होईल.

ताईंना हाका मारू नका, त्या ओ देत नाहीत. कोणी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली की मार बसायचा, म्हणून सवय मोडली. डबा हलवा.

---

जिल्हा रुग्णालय, जळगाव
३१ ऑक्टोबर

फुई,

ताई बऱ्या आहेत. रक्त कमी आहे, उजेडात डोळे उघडत नाहीत, पण जेवतात. पाचोऱ्याचा भाऊ आला होता. दारात उभा राहून रडत होता, आत यायला धजत नव्हता. शेवटी ताईंनीच त्याला बोलावलं. सासूबाई आणि जितेंद्र दोघं पोलीस कोठडीत आहेत. मी ताईंना सोडून येणार नाही, इतक्यात तर नाहीच.

मला एक सांग. त्या संध्याकाळी तू आलीस तेव्हा मी ओट्यावर बसले होते आणि सासूबाईंचा हात माझ्या दुखऱ्या मनगटावर होता. मी हसले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मला गाडीत नेऊन बसवलंस, मग दार लावून परत आत गेलीस. माझ्या मनात आलं, हिला कागद मिळालाच नाही. ताई राहिल्या. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. मग पोरी धावताना दिसल्या. आत काय झालं? तू दुसऱ्याच दिवशी गेलीस, तुला विचारायला पाटी-पेन्सिल शोधेपर्यंत तुझी एसटी सुटली होती.

नूतन

---

साक्री
४ नोव्हेंबर

चि. नूतन,

मला म्हातारीला ठाण्यात जबाब लिहून द्यायला चार तास बसवलं, वर तुझी तक्रार की मी सांगितलं नाही. सांगते.

आधी माझी चूक. सत्तावीस तारखेचं ते शहाणपणाचं पत्र मी पाकिटात घालून तुझ्या सासूच्या हातात दिलं. हडळ जिवंत आहे हे मी तिलाच कळवलं. त्या पत्रामुळे तू आत गेलीस. हे मला झोपू देत नाही, आणि तू 'असू दे' म्हणू नकोस.

शनिवारी तू आली नाहीस तेव्हाच मी काय ते ओळखलं. तुझं पत्र घेऊन सरळ ठाण्यात जावंसं वाटलं. पण तू कुठे आहेस हे माहीत नव्हतं. शिपाई पुढच्या दारी गेले असते आणि तुम्हाला मागून हलवलं असतं. म्हणून डबा. त्यात लाडू होते खरे, पण मी ते कापसात इतके दाबून बसवले होते की डबा जगात कोणी हलवला तरी वाजला नसता. तू असतीस तर 'फुई, वाजत नाही, मी हरले' असं लिहिलं असतंस. जितेंद्रने झाकण काढून लाडू खाल्ले आणि लगेच ओळखले म्हणून लिहिलं. तुझ्या हातात डबा गेलाच नाही, एवढं मला त्या ओळीने सांगितलं.

मग डबा परत मागितला. विहीणबाईंच्या वर्मावर बोट ठेवलं की त्या रिकामा पाठवणार नाहीत याची खात्री होती. भरणार कोण, ते मात्र नशिबावर होतं.

तुझा कागद मिळाला त्या दिवशी लोटनभाऊंना बरोबर घेऊन निघाले. साक्री-धुळे, धुळे-जळगाव, तिथून तुझं गाव. ठाण्यात तुझं चार तारखेचं पत्र आणि डब्यातला कागद, दोन्ही दाखवले. ललिता नावाची महिला हवालदार आणि दोन शिपाई बरोबर आले. गावातल्या गुलाबाईच्या दहा-बारा पोरीही मी गोळा केल्या, साक्रीचा खाऊ आहे म्हणून. गुलाबाईच्या पोरींना दारातून परत लावायची कोणाची हिंमत नसते. विहीणबाईंनीही फाटक उघडलं.

तुला गाडीत बसवलं ते मुद्दाम. तुझं मनगट मी पाहिलं होतं. तू जवळ असतीस तर तुझी सासू त्यावर नख रोवून बसली असती.

शिपायांनी बाग फिरून पाहिली. गोण्यांची थप्पी पाहिली. हाका मारल्या. ललिताबाईंनी मला पाटीवर लिहून दाखवलं की कोणी ओ देत नाही. तुझ्या सासूचे ओठ मी वाचले, ती म्हणत होती की पोर गाडीत बसवली आता आणखी काय पाहिजे. गोण्या काढायला लावू का, असं एक शिपाई विचारत होता, तर जितेंद्र म्हणे, खाली औषधाची फवारणी केली आहे, हात लावू नका.

तेव्हा मी गोण्यांपुढे जाऊन उभी राहिले. पोरींना म्हटलं, "पोरीस्वन, खाऊ वळखा." आणि डबा हलवला.

नूतन, मला त्यातलं काही ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. मी वाजवते आहे की नाही हेही मला हाताच्या गुदगुल्यांवरूनच कळतं. त्यामुळे मी तोंडं पाहत होते. पोरी पहिल्यांदा हसत होत्या, काहीतरी ओरडत होत्या. मग एकदम सगळ्यांची तोंडं मिटली. एकेक पोर मागे सरकली. ललिताबाईंचा हात तोंडावर गेला. लोटनभाऊ, जे कधी कशाला भीत नाहीत, त्यांनी टोपी काढली. सगळे गोण्यांकडे पाहत होते. फक्त तुझी सासू तिकडे पाहत नव्हती, ती माझ्याकडे पाहत होती. मी आणखी एकदा हलवला. मग शिपायांनी गोण्या ओढायला सुरुवात केली.

दार उघडल्यावर दिपमाला बाहेर आली नाही. उंबऱ्यावर हात ठेवून बसून राहिली. मी तिच्या मांडीवर डबा ठेवला. तिने तो धरला, तशी बाहेर आली.

आता तू मला सांग. ती आतून काय म्हणाली? त्या दिवशी ज्याला-त्याला मी विचारलं. प्रत्येकाने डोळे पुसले आणि पाटीवर लिहून द्यायचं प्रत्येक जण विसरला.

तुझी फुई

---

जळगाव
८ नोव्हेंबर

प्रिय फुई,

'असू दे' म्हणू नको म्हणालीस, म्हणून म्हणत नाही. पण ते पत्र तू लिहिलं नसतंस तर मी डबा घेऊन त्या खोलीपर्यंत कधीच गेले नसते. मी कान झाकूनच जगले असते आणि ताई गातच राहिल्या असत्या. तुझ्या चुकीवर मी एवढंच बोलणार.

ताईंना मी विचारलं. त्या आधी लाजल्या. डब्यात काय होतं ते तूही विसरली असशील. तू गडबडीत तोच डबा तसाच उचलून आणला होतास, माझा कागद काढून, आतली ज्वारी न ओतता. तू हलवलास तेव्हा पोरी बाहेर चुरमुरे म्हणाल्या, साखरफुटाणे म्हणाल्या. ताई म्हणतात, मी गप्प राहणार होते, पण पोरी चुकत होत्या, ते मला सहन होईना.

त्या आतून म्हणाल्या, "ज्वारी हाय. माह्याच हातची."

आम्ही आता दवाखान्यातून त्यांच्या भावाकडे पाचोऱ्याला जातो आहोत. कोर्टकचेरी चालू राहील, तोवर मी त्यांच्याजवळ राहीन, नंतर तुझ्याकडे. त्या अजून कुठलंही दार लावू देत नाहीत. वॉर्डातलं कपाटसुद्धा उघडं ठेवावं लागतं. सकाळी उठल्या की मला आधी वार विचारतात, तारीख विचारतात, आणि मी सांगितलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन बघून येतात.

दिवाळीचा फराळ त्या डब्यातून पाठव, असा त्यांचा निरोप आहे. फक्त झाकण लावायचं नाही म्हणतात. झाकण नसलेला डबा पोस्टात घेत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. तर म्हणाल्या, मग फुईंनाच घेऊन यावा लागेल.

तुझी नूतन